पायाखालचा धुमा

काशीराम मेस्त्रीने चहाचा रिकामा खोका खांद्यावरून उतरवून दारात ठेवला, तेव्हा त्याची बायको शेवंती सुकट निवडत बसली होती. तिने खोक्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा सुकटीत डोकं घातलं. नवऱ्याने घरात लाकूड आणलं की कारण विचारायचं नाही, हे ती संसाराच्या पंचवीस वर्षांत शिकली होती. विचारलं की तो सांगत बसायचा आणि चूल विझायची.

या वेळी त्याने न विचारताच सांगितलं. "दत्तजयंतीक वाजवूक करतंय."

"खोको?"

"खोको नाय गो. वाद्य."

शेवंती हसली नाही. ती हसली असती तर काशीरामला बरं वाटलं असतं.

आता ही भानगड काय ती नीट सांगायला हवी. नाहूरला कारखान्यांच्या मागे पाच बैठ्या चाळी होत्या. माणसं बहुतेक कणकवली, देवगड, मालवणकडची. मधे दत्ताचं देऊळ. दर दत्तजयंतीला तिथे अखंड भजनाचा सप्ताह व्हायचा. सप्ताह म्हणायचा, पण एकाच दिवसाचा, कारण मुंबईत सात दिवस कोणाच्या बापाला सुट्टी मिळते? सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत बारा पहारे, एकेक दोन तासांचा. नियम एकच, ताल तुटता कामा नये. पुढच्या पहाऱ्याचा पखवाज सुरू झाल्याशिवाय आधीच्याने हात उचलायचा नाही.

तीन नंबर चाळीचा पहारा दुपारी बारा ते दोन. देऊळ नुसती पत्र्याची शेड होतं तेव्हापासूनचा. आणि पहारा एकदा सोडला की गेला, हे लक्षात ठेवा. एक नंबर चाळीने एकाहत्तर साली एका लग्नापायी पहाटेचा पहारा सोडला, तो त्यांना आजतागायत परत मिळालेला नाही. त्या लग्नातल्या नवरीला पोरं झाली, पोरं शाळेत गेली, तरी बिचारीला त्यावरून अजून ऐकून घ्यावं लागतं.

तीन नंबरचा बुवा म्हणजे काशीराम. गायला आणि पेटी वाजवायला तो, पखवाजाला धोंडिराम राऊळ. दोघे मुलुंडच्या एकाच कारखान्यात. धोंडिराम लेथवर, आणि काशीराम पॅकिंग खात्यात, यंत्रं परगावी पाठवायला देवदाराचे खोके ठोकायला. दत्तजयंती आडवारी आली की दोघे मिळून रजा टाकायचे. बाकीचं मंडळ कधीच पांगलं होतं. कोणी विरारला खोली घेतली, कोणी नालासोपाऱ्याला, उरलेले पहिल्या पाळीला. मागे टाळ धरायला चाळीतल्या बायका असायच्या. तरी पहारा दणक्यात व्हायचा, कारण पेटी आणि पखवाज ठिकाणावर होते.

शहाऐंशीच्या श्रावणात धोंडिरामच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालायचा. तोंड थोडं वाकडं झालं, पण जीभ शाबूत राहिली. सगळं गेलं तरी चालेल पण जीभ राहू दे, असं त्या जिभेनेच देवाला सांगितलं असणार, असं त्याची बायको सुगंधा म्हणायची. डावा हात गेला म्हणजे पखवाजाचा धुमा गेला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात, तिथून तो घुमणारा जाड आवाज निघतो, त्याला धुमा म्हणायचं. उजव्या तोंडाचं नुसतं ता-ना वाजवून भजन होत नाही. धुम्याशिवाय पखवाज म्हणजे मिठाशिवाय आमटी.

देवळाचा सेक्रेटरी जयवंत नाईक कार्तिकातच काशीरामच्या दारात येऊन उभा राहिला. पहाऱ्यांचा फळा तोच लिहायचा, मोत्यासारखं अक्षर.

"बुवा, पाच नंबरमधला एक जण पखवाजाला देतो ना. पोरं झकास वाजवतात."

"धोंडिरामाच्या जागेवर दुसरा बसणार नाही."

"मग पहाराच पाच नंबरला देऊ या का? या वर्षापुरता."

'या वर्षापुरता' म्हणजे काय, ते काशीरामला एक नंबर चाळीने शिकवलं होतं. "पहारा आमचा. मी एकटा करीन."

"दोन हात पेटीवर. ताल काय कपाळाने धरणार, बुवा?"

"पायाने," काशीराम म्हणाला.

खरं सांगायचं तर हा शब्द त्याच्या तोंडून आधी निघाला आणि डोक्यात मागून शिरला. मुलुंडच्या एका गणपतीत त्याने ऑर्केस्ट्रा बघितला होता, त्यात ड्रमवाला मोठा ढोल पायाने वाजवत होता. तेवढं भांडवल. पण शब्द गेला तो गेला. जयवंतने फळ्यावर लिहून टाकलं: 'बारा ते दोन. चाळ नंबर तीन. काशीरामबुवा मेस्त्री. एकटे.'

पहिला खोका काशीरामने नेहमीच्या सवयीने देवदाराच्या जाड फळ्यांचा केला. आयुष्यभर खोके ठोकले ते आतलं यंत्र फुटू नये म्हणून, खोका वाजावा म्हणून कधी ठोकला नव्हता. त्यावर पाय आपटला की 'ठक्' वाजायचं. शेजारची रत्नप्रभा दोनदा दार उघडून कोण आलं ते बघून गेली.

म्हणून मग चहाचा खोका. त्याची प्लाय पातळ. आवाज निघाला, पण कडांच्या पत्र्याच्या पट्ट्या खुळखुळायला लागल्या. त्याने पट्ट्या उचकटल्या, खिळे काढले, आतून सागाची चौकट बसवून सांधे सरसाने चिकटवले, फटींत भुसा आणि सरस कालवून भरला. मागच्या बाजूला आमटीची वाटी ठेवून पेन्सिल फिरवली आणि तेवढं भोक कापलं, आवाजाला बाहेर पडायला. पुढे पायापेक्षा थोडी रुंद फळी, टाचेशी बिजागरी. पंजा दाबला की एक लाकडी दांडा पुढे जाऊन खोक्याच्या तोंडावर बसायचा आणि कारखान्याच्या भंगारातली स्प्रिंग त्याला मागे ओढायची. दांड्याच्या टोकाला रबरी चपलेचा तुकडा, त्यावर घोंगडीचं फडकं.

तरी आवाज कोरडाच. तीन दिवस तो खोक्याकडे बघत बसला. चौथ्या दिवशी शेवंती भाकरीचं पीठ मळत होती. काशीराम उठला, डब्यातून गव्हाचं पीठ घेतलं, घट्ट कणीक मळली आणि मागच्या भोकातून हात घालून खोक्याच्या तोंडाला आतून तळहाताएवढी थापली. पंजा दाबला.

"धुम्म."

रत्नप्रभा दार उघडून बघायला आली नाही. शेवंतीचे हात परातीतच थांबले. "अगो बाई," ती म्हणाली, "राऊळभावजी इल्यासारखे वाटले." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काशीरामच्याही आलं, पण त्याने ते सरसाच्या वासावर ढकललं.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. इथेच थांबला असता तरी निभावलं असतं. पण काशीरामला वाटलं, हे धोंडिरामला दाखवायला हवं. त्याला केवढा आनंद होईल! त्याच्या जागी दुसरा माणूस बसवला नाही, त्याची जागा राखली. संध्याकाळी खोका खांद्यावर टाकून तो धोंडिरामच्या खोलीत गेला. धोंडिराम खाटेवर बसला होता. वर खुंटीला गवसणी घातलेला पखवाज टांगलेला, श्रावणापासून तसाच.

काशीरामने खोका मांडला, आधी हाताने शिवून नमस्कार केला, मग पाय ठेवून दोन ठेके वाजवून दाखवले. "बघ. तुझी जागा तुझीच रवली. दुसऱ्या कोणाक बसूक दिलंय नाय."

धोंडिरामने वर खुंटीकडे बघितलं. मग म्हणाला, "माणूस बसयलं असतंस तर चालला असता रे. पोरगो शिकलो असतो चार ठेके. तू माझ्या जागेर खोको बसयलंस."

"अरे, पण..."

"आणि पायान! चाळीस वर्षां ह्या पखवाजावरसून मी कोणाक ओलांडूक दिलंय नाय. पोटची पोर एकदा चुकान ओलांडून गेली, तर तिका कान धरून नमस्कार करूक लायलंय. आणि तू देवासमोर वाद्याक लाथ मारतलंस?"

"नाटकात पायपेटी पायानच वाजवायचे ना? तिका कोणी पाप म्हटल्यानी?"

"नाटकात दाढी पण चिकटवतत," धोंडिराम म्हणाला. "जा. फळ्यार 'एकटे' लिवलेलाच आसा. आता एकटोच गा."

सुगंधा चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. काशीरामने खोका उचलला आणि तरातरा घरी आला. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. ज्याच्यासाठी एवढी मरमर केली, त्यानेच वर लाथ मारल्याचं बोलावं! रात्री तो जेवलाही धड नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने रियाज धरला. जमिनीवर बसून पाय चालवता येईना, म्हणून एक बुटकं बाकडं केलं, पेटी दुसऱ्या खोक्यावर. सुरुवात छान व्हायची. संथ अभंग, संथ धुम्म. मग गजर यायचा, आवाज चढायचा आणि काहीतरी बिनसायचं. ठेका तोंडाबरोबर राहीना. शेवटी शेवटी धुम्मचं धुम, धुमचं धुप् व्हायचं आणि काशीराम धापा टाकत थांबायचा.

त्याने स्प्रिंग बदलली. बिजागरीला तेल घातलं. दांडा दोन बोटं आखूड केला, मग पुन्हा लांब केला. कणीक वाळली असेल म्हणून खरवडून ताजी थापली. फळीला कोन चुकला म्हणून रंधा मारला. आठ दिवस असे गेले. दत्तजयंती चार दिवसांवर आली.

"स्प्रिंगच साली भिकार," तो म्हणाला.

शेवंती पुन्हा सुकट निवडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं. "नाचता येईना अंगण वाकडं. स्प्रिंगेचा काय एक नाय. तुमी धावतास."

"कोण धावता?"

"तुमी. गजर लागलो की तुमी पळत सुटतास. तुमच्याबरोबर माझे हात पण सुटले. बघा, अर्धी सुकट डोकी न काढताच टाकलंय."

"पंचवीस वर्षां मी बुवा आसय! मी कधी धावलंय?"

"तेव्हा भावजी होते," शेवंती म्हणाली आणि सूप उचललं.

काशीरामने गजराचं घड्याळ पेटीवर ठेवलं आणि त्याच्या टिकटिकीवर पाय धरून गायला बसला. चार आवर्तनं घड्याळ, पाय आणि गळा एकत्र होते. मग गळा तापला. पाय घड्याळाला सोडून गळ्यामागे गेला, आणि घड्याळ आपलं म्हाताऱ्यासारखं मागे टिकटिकत राहिलं. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मग तो पेटीवर हात ठेवून बसून राहिला. त्याला एकेक आठवायला लागलं. गजर रंगात आला की दरवर्षी धोंडिरामचा डावा हात जड पडायचा. धुमा किंचित उशिरा यायचा, दाबून यायचा. काशीराम चिडायचा. पहारा संपला की सगळ्यांसमोर म्हणायचा, "धोंड्या, हात जड झालो तुझो. म्हातारो झालंस." आणि धोंडिराम बशीत चहा ओतत म्हणायचा, "होय बा. झालो असात."

पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं तो गडी लगाम धरून बसला होता, आणि घोड्याला वाटत होतं आपली चालच अशी डौलदार. काशीरामला लाज वाटली. एवढी लाज की घरात कोणी नसतं तर तो रडला असता.

त्याच वेळी उठून जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. तो गेलाही. दोनदा गेला. पहिल्यांदा धोंडिरामच्या दारातून खोकून परत आला. दुसऱ्यांदा सुगंधा समोर आली, तर तोंडातून निघालं, "वयनी, जायफळ आसा काय?" तिने जायफळ दिलं. ते घेऊन आला. शेवंतीने जायफळाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

दत्तजयंतीच्या दिवशी बाराला पाच मिनिटं कमी असताना काशीराम देवळात बाकड्यावर बसला. सगळे खाली सतरंजीवर, हा एकटा वर, परीक्षेला बसल्यासारखा. मागे शेवंती, रत्नप्रभा आणि सात-आठ बायका टाळ घेऊन. आधीच्या पहाऱ्याचा पखवाज चालू होता. काशीरामने खोक्याला शिवून हात कपाळाला लावला, मनात म्हणाला, दत्ता, सांभाळ, आणि पाय ठेवला. धुम्म. आधीचा पखवाज थांबला. ताल काही तुटला नाही.

पहिला पाऊण तास त्याने स्वतःला कसंबसं आवळून धरलं. सगळे अभंग संथ घेतले, आवाज वर जाऊ दिला नाही. पण भजन म्हणजे काय सरकारी फाईल आहे? गजर घ्यावाच लागतो. बायका वाट बघत होत्या, दत्त वाट बघत होता. त्याने गजर घेतला.

दोन आवर्तनं नीट गेली. मग गळा तापला.

त्याला कळत होतं, हेच वाईट. आपला पाय पळतोय हे कळत होतं आणि तो थांबवता येत नव्हता. बायकांचे टाळ एकमेकींत अडखळायला लागले. रत्नप्रभाचा टाळ पुढे, शेवंतीचा मागे. खांबाशी उभा असलेला जयवंत सरळ झाला. पाच नंबरमधला एक पोरगा पखवाज मांडीवर घेऊन तयारच बसला होता. ताल तुटला तर तो उचलणार, आणि पहारा त्यांचा होणार. काशीरामच्या तोंडचं पाणी पळालं. घाम डोळ्यांत उतरला. हात पेटीवर, पुसणार कशाने?

धोंडिरामची खोली देवळाच्या समोरच, मधे फक्त अंगण. दार बंद होतं. बंद दारामागे तो खाटेवर बसून पहिल्या धुम्मपासून ऐकत होता, हे नंतर सुगंधाने सांगितलं. पाऊण तास तो काही बोलला नाही. गजर सुटला तशी त्याने काठी आपटली आणि म्हणाला, "धावलो मेलो. पखवाज काढ."

बायकांनी वळून बघितलं, तेव्हा अंगणातून धोंडिराम पाय ओढत येत होता आणि मागे सुगंधा, छातीशी पखवाज धरून. जयवंत वाटेतून बाजूला झाला. धोंडिराम काशीरामच्या बाकड्यावर धपकन बसला. घामाने निथळलेल्या काशीरामने गाता गाता मान वळवली.

"पाय काढ," धोंडिराम म्हणाला.

काशीराम पाय काढणार कसा? काढला की ताल तुटला. त्याने नुसती मान हलवली.

"असो नाय ऐकाचो." धोंडिरामने काठी सोडली, उजव्या हाताने खोक्याला शिवून तो हात कपाळाला लावला, मग काशीरामच्या पायाला पाय घासून त्या फळीवर आपलाही उजवा पंजा ठेवला आणि दाबला.

पाय पायाला लागला. कोणाच्या अंगाला आपला पाय लागला की हात आपोआप पुढे जातो, शिवतो, छातीशी येतो. लहानपणापासूनचं वळण ते. काशीरामचे दोन्ही हात पेटीवर अडकलेले. धोंडिरामचा एक हात मेलेला, दुसऱ्याने तो बाकड्याची कड धरून तोल सांभाळत होता. दोघांचेही हात जागचे हलले नाहीत. एका फळीवर दोन पाय तसेच राहिले, एक पळणारा आणि एक धरून ठेवणारा. काशीरामला पायाखाली ती ओढ लागली. जड, किंचित उशिराची, दाबून आलेली. हीच ती. डाव्या हातातली उजव्या पायात उतरली होती.

चार आवर्तनांत गजर चालीवर आला. रत्नप्रभाचा आणि शेवंतीचा टाळ एकत्र पडला.

"आता काढ," धोंडिराम म्हणाला. काशीरामने समेवर पाय काढला. धुम्म चुकला नाही.

सुगंधाने गवसणी ओढून पखवाज त्याच्यासमोर स्टुलावर आडवा ठेवला. धोंडिरामने उजव्या हाताने पहिली थाप दिली. खाली धुम्म, वर ता. चार महिन्यांत हात आखडला होता, दोन बोटं नीट पडत नव्हती. पण पखवाज पुरा वाजत होता, दोन्ही तोंडांनी. जयवंतने न सांगता पेटी खालच्या खोक्यासकट सतरंजीच्या बाजूला सरकवली आणि काशीराम गाता गाताच बाकड्यावरून उतरून खाली, आपल्या जागी जाऊन बसला. पाच नंबरच्या पोराने मांडीवरचा पखवाज बाजूला ठेवला आणि टाळ्या धरल्या. चांगला पोरगा होता तो, उगाच नावं ठेवायला नकोत.

त्यानंतर काशीराम जो गायला! मुद्दाम पळून बघितलं त्याने एकदा. धोंडिरामच्या पायाने लगाम खेचला. काशीराम गाता गाता हसला. धोंडिराम हसला नाही, त्याला बोटं सांभाळायची होती. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि सुगंधा पदराने तो पुसत होती.

दोन वाजता चार नंबरचा पखवाज सुरू झाला आणि धोंडिरामने पाय उचलला. काशीरामचे हात मोकळे झाले. तो गुडघ्यांवर सरकत बाकड्यापाशी आला आणि दोन्ही हातांनी धोंडिरामच्या उजव्या पायाला शिवून हात कपाळाला लावले.

"ह्यां काय मेल्या! मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटो. लोक बघतत."

"पाय लागलो होतो."

"तो कधी? तास झालो त्याका."

"तेव्हा हात मोकळे नव्हते," काशीराम म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "धोंड्या, पंचवीस वर्षां मी धावत होतंय. तू एकदा सांगलंस नाय."

"सांगान काय करतलंय? तुझो गळो बंद पडलो असतो." धोंडिरामने उजव्या हाताने काशीरामच्या खांद्याला शिवलं आणि तो हात छातीशी नेला. त्याचंही पाय लागल्याचं देणं फिटलं. मग त्याने खोक्याकडे मान केली. "स्प्रिंग ढिली आसा तुझी. आणि कणीक कमी पडली. मेस्त्री म्हणवतंस स्वतःक."

"स्प्रिंग चार वेळा बदललंय."

"पाचव्यांदा बदल. माझ्या पायाच्या मापान."

काशीराम उठला आणि दाराशी टांगलेल्या फळ्यापाशी गेला. बोटाला थुंकी लावून 'एकटे' पुसायला त्याने हात उचलला, तर तो शब्द तिथे नव्हताच. नावापुढची जागा कोरी होती. शेवंती टाळ गोळा करत होती आणि तिच्या पदराच्या टोकाला खडूची पांढरी भुकटी लागली होती. कधी पुसलं, ते त्याने विचारलं नाही.

जयवंतचा खडू फळ्याच्या कडेवर होता. काशीरामने तो घेतला आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'पखवाज, धोंडिराम राऊळ.' अक्षर जयवंतसारखं काही आलं नाही, 'ऊ' तर साफ बिघडला. पण बाकड्यावर बसलेल्या माणसाला तेवढ्या अंतरावरून ते वाचता आलं.